कच्चा आवाज

शारजा
१८ नोव्हेंबर १९९४

प्रिय मुग्धा,

दिवाळीचं कार्ड मिळालं. आईंनी पाकीट पाहिलं, वरचं तिकीट पाहिलं, आणि न उघडता टीव्हीवर ठेवून दिलं. नंतर मी उघडलं.

आज लिहिते आहे ते वेगळ्या कारणानं. सकाळी बर दुबईच्या देवळात गेलो होतो. परतताना शुक्रवारची सुटी असूनही गाडी शारजाच्या तोंडाशी अडकली. पुढं गाड्यांची रांग, मागं रांग. तुझा दादा रेडिओची बटणं दाबत होता. हिंदी स्टेशनवर नुसत्या जाहिराती, म्हणून दर्शनानं इंग्रजी लावायला लावलं. एक नाचाचं गाणं लागलं. खाली धप धप धप, वर एक बाई. आई मागं दर्शनाशेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाढव."

दादा म्हणाला, "काय?"

"आवाज वाढव. ती आहे."

'ती' म्हणजे कोण हे आम्हाला विचारावं लागत नाही. पाच वर्षांत आईंनी तुझं नाव घेतलेलं नाही. तू फोन केलास की "तिचा असेल" म्हणतात आणि आत निघून जातात. तू नीलेशचं घर सोडलंस, आणि दोन महिन्यांत बाबा गेले. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना चिकटल्या आहेत. मी त्या कधी सोडवायला गेले नाही.

तर गाण्यातली बाई एका शब्दावर अडकते. आई, आई, आई, आई. सुई अडकलेल्या रेकॉर्डसारखी. मग पुढं इंग्रजी. आई म्हणाल्या, "हाक मारतेय."

दादा म्हणाला, "आई, हे इंग्लंडचं गाणं आहे."

त्या म्हणाल्या, "मग ती कुठं आहे?"

दादानं आवाज वाढवला.

तू स्टुडिओत गायला जातेस असं उन्हाळ्यात लिहिलं होतंस. ही तूच आहेस का? असशील तर मी त्यांना तसं सांगते. मग पुढच्या वेळी तू फोन केलास तर त्या येतील असं मला वाटतं. नक्की सांगत नाही. वाटतं.

अनुपमा वहिनी


लीड्स
२ डिसेंबर १९९४

वहिनी,

मी नाही.

ते गाणं मला ठाऊक आहे. इथंही ते वरचेवर लागतं. मूळ गाणं तीस वर्षांपूर्वीचं, संथ, एका पुरुषानं म्हटलेलं. मी दाराशी उभा होतो, तू दिवा मालवलास, एवढाच त्यात मजकूर. या लोकांनी ते उचललं, वेग दुप्पट केला, खाली एक ठोका घातला, जो पहिल्यापासून शेवटपर्यंत बदलत नाही, आणि एका बाईकडून गाऊन घेतलं. याला इथं हाउस म्हणतात. दर रविवारी संध्याकाळी रेडिओवर त्या आठवड्यात सर्वांत जास्त खपलेल्या गाण्यांची यादी लावतात, खालून वरपर्यंत. गेल्या रविवारी हे एकतिसावं होतं. वर जाईल म्हणतात.

ज्या दोघांनी ते केलं त्यांच्या स्टुडिओत मी जाते हे खरं आहे. गालिच्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिथं मी कच्चा आवाज देते. म्हणजे खरी गायिका यायच्या आधी कोणीतरी गाणं म्हणून ठेवायचं, तिला चाल कळावी म्हणून. मग ती येते, गाते, आणि आधीचा आवाज पुसून टाकतात. हे गाणं मी जूनमध्ये म्हटलं. जुलैत शेफील्डची एक मुलगी आली. माझं पुसलं. मी रेडिओवर नीट ऐकलं आहे. श्वाससुद्धा तिचे आहेत.

आणि ती 'आई' म्हणत नाही. 'आय' म्हणते. मी, या अर्थानं.

आईला सांग की मी नाही. दुसरीच्या आवाजावर तिनं फोनला यायला नको.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे. चार वाजता अंधार होतो.

मुग्धा


शारजा
२३ डिसेंबर १९९४

प्रिय मुग्धा,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. मी आईंना खरं सांगितलं नाही. उलटच सांगितलं.

त्या मेथी निवडत होत्या. मी पत्र वाचत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय लिहिते?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. माझ्या हातातल्या कागदावर पहिलंच वाक्य 'मी नाही' असं होतं. मी म्हटलं, "तीच आहे." त्यांनी मान हलवली आणि मेथी निवडत राहिल्या.

आता घरात ते गाणं आहे. दर्शनाला पाठवून कॅसेट आणवली. तुझा दादा संध्याकाळी आला, बूट काढता काढता म्हणाला, "दहा दिरहम. म्हणजे पंच्याऐंशी रुपये झाले. एका गाण्याला."

आई म्हणाल्या, "तुझ्या लग्नात बँडवाल्यांना याहून जास्त दिले होते. ते सगळे बेसूर होते."

दुपारी मी ओटा आवरत असते तेव्हा त्या कॅसेट लावतात. तो शब्द येईपर्यंत ऐकतात, मग बंद करतात, मागं नेतात, पुन्हा लावतात. दर्शनाला राहवलं नाही. म्हणाली, "आजी, शी इज नॉट सेइंग आई. इट्स आय. लाइक, मी."

"आय म्हणजे मी. तेवढं इंग्रजी येतं मला. जन्मभर तेच शिकवलंय."

"देन व्हाय डू यू कीप..."

"तू ऐक. बोलू नकोस."

दर्शना माझ्याकडे आली आणि डोक्याशी बोट फिरवून दाखवलं. मी तिला रागावले. पण मलाही कळलं नाही. 'आय' आहे हे कळतं तर रोज काय ऐकतात?

तू शुक्रवारी फोन कर. त्या येतील. मी जे सांगितलं ते सांगितलं.

अनुपमा वहिनी


लीड्स
३ जानेवारी १९९५

वहिनी,

खोटं तू बोललीस आणि फोन मी करायचा. मी करणार नाही. ती फोनवर येईल, विचारेल, आणि मी हो म्हणेन. मग दर वेळी मला त्या शेफील्डच्या मुलीच्या वतीनं बोलावं लागेल. मला आईशी बोलायचं आहे. अशा रीतीनं नाही. तिला खरं सांगून टाक. आली नाही तर नाही आली.

गाणं पहिल्या क्रमांकावर आलं आहे. दुकानात माणसं अक्षरांच्या तक्त्यासमोर बसतात आणि एक डोळा झाकून तेच गुणगुणतात. टीव्हीवर ती मुलगी आली होती. चंदेरी कपडे, पायाशी धूर. 'आय, आय, आय' येतं तेव्हा ती ओठ हलवत नाही. नुसती मान हलवते. नाचाचा भाग असेल.

५ जानेवारी

वरचं पत्र टाकलं नव्हतं.

काल दुकान सुटल्यावर स्टुडिओत गेले. ते ओठ न हलवणं डोक्यातून जाईना. दोघांतला धाकटा एकटाच होता. मी विचारलं, 'आय' कोणाचा आहे. त्यानं टेप लावली आणि एकेक आवाज खाली आणत गेला. ठोका गेला. पियानो गेला. ती मुलगी गेली. मग एक अक्षर उरलं, कोरडं, खोलीत कोणी खुर्ची सरकवावी तसं. ते माझं होतं.

तो म्हणाला, तिचा 'आय' फार स्वच्छ होता. तोकडा. तुझा मध्येच वाकतो. एका अक्षराची तू दोन करतेस. म्हणून तेवढं ठेवलं आणि मशीननं पुन्हा पुन्हा लावलं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही. तो म्हणाला, एका अक्षराचं काय सांगायचं.

काही वाटलं का, असं तू विचारशील. नाही. बस चुकली, चालत घरी आले.

आईला आता काय सांगावं ते मला कळत नाही. तू काही सांगू नकोस.

मुग्धा


शारजा
१३ जानेवारी १९९५

प्रिय मुग्धा,

तुझं उत्तर अजून आलं नाही. त्याची वाट न बघता लिहिते, कारण माझं खोटं आज उघडं पडलं.

दर्शनाच्या वर्गातल्या मुलीनं इंग्लंडहून आलेलं एक मासिक तिला दिलं. त्यात त्या गाण्याच्या गायिकेचा पानभर फोटो. आम्ही सगळे जेवून बसलो होतो. दर्शनानं ते आजीपुढं ठेवलं. "सी, आजी. धिस इज हर. शी इज फ्रॉम शेफील्ड."

मी दाराशी उभी होते. मनात म्हटलं, खलास.

आईंनी चष्मा लावला. फोटो पाहिला, खालचा मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचला. मग म्हणाल्या, "असेल. पुढचं ही म्हणत असेल."

दादा म्हणाला, "आई, सगळं हीच म्हणते. इथं छापलंय."

"छापणाऱ्याला काय कळतं? पाचवीत तिचं हेच होतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

आई सांगू लागल्या. मासिकाकडे बघूनच सांगत होत्या, जसं त्यातलंच वाचतायत. पाचवीचा वर्ग, इंग्रजीचा पहिला धडा. एकेकीनं उभं राहून वाचायचं. तुझी पाळी आली आणि तू वाचलंस, आई ॲम अ गर्ल. सगळा वर्ग हसला.

"मी सांगितलं, आय. ती म्हणाली, आई. फळ्यावर लिहून दाखवलं. आई. मग छडी घेतली. पुन्हा आई. घरी म्हणून घ्यायचे तर अगदी नीट, आय. शाळेत उभी केली की चुकायची. वर्षभर. मी मार्क कापले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, स्वतःच्या मुलीला कशाला कापता. मी म्हटलं, स्वतःची आहे म्हणूनच."

"बट आजी," दर्शना म्हणाली, "हाऊ डू यू नो इट्स हर?"

"दुसरं कोण इतकं चुकेल?"

मग त्यांनी मासिक मिटलं, दर्शनाला परत दिलं आणि मला म्हणाल्या, "लिहून टाक तिला. अजून चुकतेय म्हणावं."

मी लिहिते आहे. हा त्यांचा तुला पहिला निरोप. माझ्या खोट्याची त्यांना गरजच नव्हती असं दिसतं.

पण 'तिला' म्हणाल्या. नाव नाही.

अनुपमा वहिनी


लीड्स
२६ जानेवारी १९९५

वहिनी,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं मिळालं असेल. म्हणजे ते अक्षर माझं आहे हे तुला आता माहीत आहे. तिला आधीपासून होतं.

ती चूक नव्हती.

शाळेत तिला आई म्हणायची बंदी होती. पहिल्या दिवशी फाटकाशी थांबून तिनं सांगितलं, आत मी बाई. सगळ्यांची बाई. घरी गेल्यावर आई. डब्याच्या सुट्टीतही बाई. एकदा वर्गात मला ताप चढला. तेव्हाही, बाई, मला घरी जायचंय, असंच म्हटलं. तिनं कपाळाला हात लावला नाही. शिपायाबरोबर घरी पाठवलं. तिचं चुकलं असं म्हणत नाही. बाकीच्या मुलींच्या आया तिथं नव्हत्या.

पाचवीत इंग्रजीचं पुस्तक आलं. त्यात प्रत्येक वाक्य त्या अक्षरानं सुरू व्हायचं. आय ॲम. आय गो. आय सी. मला वाट सापडली. तिच्यासमोर उभं राहून, तिच्याकडे बघून तो शब्द म्हणता येत होता, आणि पुस्तकातच होता म्हणून ती बंद करू शकत नव्हती. छडी बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन असायचं.

नंतर ती सवय झाली. बोलताना मी आय म्हणते. हातात कागद घेऊन उभी राहिले आणि काचेपलीकडे कोणी ऐकायला बसलं की जीभ तिकडं वळते. त्या दोघांना वाटतं, हा आमच्याकडचा उच्चार.

हे तिला सांगू नकोस. सांगायचं तर मी सांगेन.

१० फेब्रुवारीला, शुक्रवारी, तुमच्या संध्याकाळी मी फोन करीन. तिला बोलावू नकोस. घ्या म्हणू नकोस. रिसीव्हर उचल आणि टेबलावर ठेव. तिला यायचं नसेल तर मी थोडा वेळ घर ऐकेन आणि ठेवून देईन.

बाबा गेले तेव्हा दादानंच मला येऊ नकोस म्हटलं होतं, आईला सहन होणार नाही म्हणून. हे तिला माहीत नाही. ते तसंच राहू दे. दादालाही सांग की मी तो विषय काढणार नाही.

मुग्धा


शारजा
११ फेब्रुवारी १९९५

प्रिय मुग्धा,

तू सांगितलंस तसं केलं.

रमझान चालू आहे. रोजा सुटायची तोफ झाली की रस्त्यावर कोणी नसतं, त्यामुळे घरात सगळं ऐकू येत होतं. फोन वाजला. मी उचलला आणि टेबलावर पेपरशेजारी ठेवला. तुझा दादा उठला, गाडीची किल्ली घेतली, "पेट्रोल भरून येतो" म्हणाला. टाकी सकाळीच भरली होती. तुझा निरोप मी त्याला आदल्या दिवशी दिला होता.

आई खुर्चीत बसून दर्शनाच्या वहीतली स्पेलिंगं तपासत होत्या. त्यांनी फोनकडे पाहिलं.

"कोण आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"कोणी नाही तर बिल कोणाचं चढतंय?"

दर्शना "हू इज इट?" करत आली. तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. दाराच्या फटीतून दिसत होतं तेवढं लिहिते. त्यांनी ते पान तपासून संपवलं. खाली सही केली. पेनाला टोपण लावलं. मग उठल्या आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. माझ्याकडे पाठ होती. शेवटी काहीतरी बोलल्या, अगदी थोडं. पुन्हा थांबल्या. फोन ठेवला.

स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "विरजण लावलंस का?"

मी म्हटलं, "लावते."

दादा दोन तासांनी आला. बूट काढले, हात धुतले, जेवला. त्यानं काही विचारलं नाही. मीही आईंना विचारलं नाही. आज दिवसभर त्या रोजच्यासारख्या आहेत. कॅसेट लावली नाही, एवढंच.

तुला सांगावंसं वाटलं तर सांग.

अनुपमा वहिनी


लीड्स
२४ फेब्रुवारी १९९५

वहिनी,

गाणं खाली आलं. गेल्या रविवारच्या यादीत शेवटून दुसरं होतं, या रविवारी नसेल. स्टुडिओतले दोघे आता दुसरं जुनं गाणं शोधतायत. मला पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिते.

आधी तुमचं घड्याळ ऐकू आलं. मग दादाच्या किल्लीचा आवाज, दार. तू कोणी नाही म्हणालीस ते ऐकलं. बिलाचंही ऐकलं. मग खूप वेळ काहीच नाही, मधूनच पेनाचा आवाज. मी ठेवणार होते. तेवढ्यात रिसीव्हर उचलला गेला. ती बोलली नाही, पण तिचा श्वास मला ओळखता आला.

मी तिला हाक मारली. एकदाच. शाळेचं काही सांगितलं नाही. सांगायला सुरुवात केली असती तर धडा वाचल्यासारखं झालं असतं.

ती मग म्हणाली, "ऐकलं मी. पुढचं तू नाहीस."

मी म्हटलं, नाही.

तिनं फोन ठेवला.

बाबांचं काही नाही. नीलेशचं नाही. ये नाही, येऊ नकोसही नाही. मी जेवले, भांडी धुतली, दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. एका म्हाताऱ्या बाईचा नंबर लिहून घेताना लक्षात आलं. आई मला तू म्हणाली. पाच वर्षं मी ती होते. तू नाहीस म्हणायला का होईना, तिला तू म्हणावं लागलं.

३ मार्चला, शुक्रवारी, तुमच्या संध्याकाळी फोन वाजेल. तू उचलू नकोस.

मुग्धा